आठवण देणारा शब्द

कविता कळत नाही ही तक्रार दिवाळी अंकाइतक्याच नेमाने दरवर्षी येते. फराळाची बशी शेजारी ठेवून अंक चाळणारा गृहस्थ कथा वाचतो, व्यंगचित्रे पाहून हसतो, राशिभविष्य तर घरातल्या सर्वांना मोठ्याने वाचून दाखवतो. आणि कवितेच्या पानाशी आला की दोन ओळी वाचून पान उलटतो. त्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याची तक्रार प्रामाणिक असते. मात्र ती नीट ऐकली तर तिच्या पोटात एक समजूत दडलेली दिसते. ती अशी की, अर्थ ही वस्तू कवीने शब्दांच्या डब्यात भरून ठेवलेली असते, आणि वाचकाने झाकण काढून ती बाहेर घ्यायची असते. झाकण निघाले नाही तर दोष कवीचा, कारण डबा त्याने भरला. टीकाकारही पुष्कळदा हीच समजूत धरून चालतात. फरक इतकाच की झाकण काढण्याची हत्यारे आपल्याजवळ आहेत असा त्यांचा दावा असतो.

ही समजूत खरी की खोटी, याची तपासणी मराठीत फार जुन्या काळी झालेली आहे, आणि ती करणारा माणूस आपल्या घराघरांत पूजला जातो. पूजला जातो म्हणूनच की काय, त्याने या प्रश्नाविषयी काय म्हटले हे सहसा कोणी पाहत नाही. ज्ञानेश्वरांविषयी बोलतो आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, त्यांनी नेवाशाला गीतेवरची टीका पुरी केली. आणि परंपरा सांगते की त्यानंतर निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून 'अमृतानुभव' हा स्वतंत्र ग्रंथ रचला. या दोन ग्रंथांत शब्दाविषयी दोन मते आहेत, आणि वरवर पाहणाऱ्याला ती एकमेकांच्या उरावर बसलेली वाटतात.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी ते आपल्या मराठी बोलाचा मोठा अभिमान सांगतात. तो भाग सर्वांच्या पाठचा आहे. अमृताशी पैज मारण्याची ती प्रतिज्ञा शाळेच्या भिंतींवरसुद्धा रंगवलेली असते. भिंतीवर जागा संपते तिथे मौज सुरू होते. पुढे ते सांगतात की या बोलाच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील, आणि मग इंद्रियांचे आपसांत भांडण लागेल. शब्द हा खरे म्हणजे कानाचा विषय. पण जीभ म्हणेल हा रस माझा, नाकाला त्यात परिमळ येईल, डोळे म्हणतील हे तर रूपाचे भांडार उघडले. शब्दाची एवढी श्रीमंती दुसऱ्या कोणा मराठी कवीने सांगितलेली माझ्या वाचनात नाही.

आणि 'अमृतानुभवा'चे सहावे प्रकरण? त्याचे नावच 'शब्दखंडन'. आरंभी शब्दाची स्तुती आहे. शब्द हा मोठा उपयोगी, आठवण करून देण्याबद्दल त्याची ख्याती, जे अमूर्त आहे ते दाखवणारा तो आरसा, असे गौरवाचे बोल आहेत. पण हा गौरव म्हणजे बळी देण्याआधी बोकडाच्या गळ्यात घातलेली माळ आहे. लगेच सुरी चालू होते. शब्द आठवण देतो. पण ज्याला स्वतःचा विसर कधी पडलाच नाही त्याला आठवण कसली द्यायची? शब्द अज्ञान दूर करतो म्हणावे, तर अज्ञान मुळात नाहीच. नसलेल्या शत्रूला मारून शब्दाने कोणता पराक्रम केला? दिवाळीच्या वाचकाला पणतीच्या भाषेत सांगायचे तर, सूर्य दाखवायला पणती निरुपयोगी, आणि जी रात्र झालीच नाही ती घालवायलाही निरुपयोगी. दोन्हीकडून शब्दाचे काम संपते.

ज्याने शब्दाला पाचही इंद्रियांचे पक्वान्न म्हटले त्यानेच त्याला रिकामे ठरवले. याची दोन उत्तरे आमच्याकडे दिली जातात. एक असे की, पहिले बोलणे कवीचे आणि दुसरे तत्त्वज्ञाचे. दुसरे असे की, ज्ञानेश्वर मधल्या काळात आणखी वर गेले आणि खालची पायरी त्यांनी सोडून दिली. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. एका माणसाचे दोन तुकडे करून दोन कपाटांत ठेवले म्हणजे अडचण सुटत नाही. माझे म्हणणे असे की, दोन्ही ठिकाणी शब्दाविषयी एकच गोष्ट सांगितली आहे, आणि ती 'आठवण' या साध्या कल्पनेत आहे.

ज्ञानेश्वरीतली ती जागा पुन्हा पाहू. इंद्रियांचे भांडण कुठे लागते? ऐकणाऱ्याच्या देहात. शब्दांत गोडी, सुगंध आणि रूप भरलेले आहे असे ज्ञानेश्वर म्हणत नाहीत. ऐकणाऱ्याची जीभ आणि नाक त्यावर हक्क सांगतात असे म्हणतात. ज्याच्या जिभेने कधी काही चाखलेच नाही तिला भांडता यायचे नाही. पहिल्या अध्यायात तर त्यांनी ऐकण्याची रीतच घालून दिली आहे. चकोराची पिले चांदण्याचे कोवळे कण वेचतात तसे ऐकावे; भुंगा पराग नेतो आणि कमळाला ते कळत नाही तसे ऐकावे; शब्दाच्या आधी विषयाला जाऊन भिडावे. हे कवीने वाचकाला दिलेले काम आहे. डब्याच्या झाकणाचा येथे संबंधच नाही.

आता थोडे उत्तरेकडे, काश्मीरकडे जायला हवे. नवव्या शतकात तिथल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त सिद्ध केले की, शब्दाच्या सरळ अर्थापलीकडे एक अर्थ ध्वनित होतो आणि तोच काव्याचा प्राण असतो. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त याचे फार सोपे उदाहरण घेतले. 'सूर्य मावळला', एवढेच वाक्य. ते गुराख्याने ऐकले तर गुरे वळवायची वेळ झाली. प्रियाची वाट पाहणारीने ऐकले तर तो अजून आला नाही. आणखी कोणी ऐकले तर आणखी काही. वाक्य एक, अर्थ ऐकणाऱ्यागणिक.

मी सातपाटीला मराठी शिकवतो. पालघर स्टेशनच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडावरचे हे मच्छीमारांचे गाव पापलेटासाठी नावाजलेले आहे. २०२३ साली तर पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासाच ठरला. येथे मम्मटाचे उदाहरण फळ्यावर लिहून दाखवायची गरज पडत नाही. 'वारा फिरला' एवढे कोणी म्हणू दे. तांडेल बोट कुठे न्यायची याचा विचार करील. बोंबील वाळत घातलेली बाई आकाशाकडे पाहून उठेल. जिचा मुलगा दर्यावर आहे ती काहीच बोलणार नाही. आणि चहाच्या दुकानात वर्तमानपत्र वाचीत बसलेला गृहस्थ म्हणेल, तरी मी सांगत होतो, यंदा त्यांची सीट पडणार! चौघांनीही वाक्य बरोबरच ऐकलेले असते.

आनंदवर्धनाला मोठा विरोध अकराव्या शतकात महिमभट्टाने केला. त्याचा 'व्यक्तिविवेक' हा ग्रंथ या एकाच भांडणासाठी लिहिलेला आहे. त्याचे म्हणणे असे की, ध्वनी म्हणून काही निराळी शक्ती मानायची गरज नाही. धूर दिसला की अग्नीचे अनुमान होते, तसे शब्दाच्या सरळ अर्थावरून दुसऱ्या अर्थाचे अनुमान होते. बस्स, एवढेच. आपल्या साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत महिमभट्टाला दोन परिच्छेदांत झटकून टाकतात, तो अन्याय आहे. 'वारा फिरला' या वाक्याला त्याचे उत्तर अगदी चपखल बसते. आमचा तांडेल पाण्याचा रंग, फेस, पक्ष्यांच्या झडपा पाहून मासळी कुठे असेल ते सांगतो. ते शुद्ध अनुमान असते. (डोळ्यांनी दिसेल तेवढेच मानणाऱ्या चार्वाकाला तांडेलाच्या बोटीवर कोणी खलाशी म्हणूनसुद्धा घेणार नाही. तरी विंदा करंदीकरांनी २००३ सालच्या 'अष्टदर्शने'त देकार्तापासून बर्गसाँपर्यंत सात युरोपीय तत्त्वज्ञ घेतले आणि आठवा आपला म्हणून चार्वाकच निवडला. निवड खोडकर आहे, पण मला ती आवडते.)

मग महिमभट्ट हरतो कुठे? पंडितांनी त्याला तर्काने उत्तरे दिली. मला एक साधी खूण पुरेशी वाटते. धुरावरून अग्नी कळला की आपण पुन्हा धुराकडे पाहत बसत नाही. मासळी जाळ्यात आली की तांडेल त्या पाण्याच्या रंगाचे चिंतन करीत नाही. अनुमानात खुणेचे काम संपते आणि खूण टाकून दिली जाते. कवितेत अर्थ हाती आला तरी शब्द टाकून देता येत नाहीत. आपण त्याच ओळीकडे परत परत येतो, आणि दर वेळी ती थोडे निराळे काही देते. जिथे अर्थ मिळाल्यावर शब्द नकोसे होतात तिथे बातमी असते. जिथे ते हवेसेच राहतात तिथे काव्य असते. महिमभट्टाने बातमीचा उत्तम सिद्धान्त लिहिला आणि तो काव्याला लावला.

कवितेकडे पुन्हा पुन्हा आल्यावर जे निराळे मिळते ते येते कोठून? शब्द तर तेच असतात. अभिनवगुप्ताने याचे उत्तर वासनेत शोधले. वासना म्हणजे मनात पूर्वीच साठलेले संस्कार. काव्य त्यांना जागे करते. सहृदय कोण, तर काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो. हा आरसा लक्षात ठेवण्यासारखा आहे. अभिनवगुप्ताने मनाला आरसा म्हटले आणि ज्ञानेश्वरांनी शब्दाला. समोरासमोर धरलेल्या या दोन आरशांच्या मध्ये कोणी उभेच नसेल तर दोघांतही रिकामपणच दिसेल. मध्ये उभे राहायचे ते जगण्याने. अभिनवगुप्त पंडित होता, म्हणून त्याने आरसा पुसण्याचे काम काव्याच्या अभ्यासाकडे दिले. पण आरशात दिसायचे ते काव्याबाहेरून यावे लागते, हे त्याने जितक्या ठसठशीतपणे सांगायला हवे होते तितके सांगितले नाही अशी माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे.

एक शब्द घेऊन पाहू. 'भांग' म्हटले की पुण्याच्या वाचकाला शिवरात्र आठवेल, नाही तर केसांतला भांग. आमच्याकडे भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचे दिवस. भरती-ओहोटीला जोर नसतो, पाणी नुसते आळसावल्यासारखे हलते. डोल जाळ्याला पाण्याची ओढ लागते. ती नसली की जाळे फुगत नाही, आणि जाळे फुगले नाही की घरातला पैसा आटतो. आता भांग आहे, असे म्हटले की मुलाला नवी वही दोन दिवस थांबेल हे कळते. याच्या उलट उधाण, अमावास्या-पुनवेच्या आसपासचे. वर्तमानपत्रे मतदारांच्या उत्साहाला उधाण आणतात तेव्हा त्या शब्दात मीठसुद्धा उरलेले नसते. येथे त्या शब्दाबरोबर तिथी येते, चंद्र येतो, जेटीवर चढलेले पाणी येते. कोशात दोघांसाठी एकच शब्द आहे. कोशकाराचाही इलाज नाही; तो आठवण देऊ शकतो, अनुभव देऊ शकत नाही.

यावर शहाणा वाचक विचारील, असे असेल तर समुद्र न पाहिलेल्याने समुद्राची कविता वाचूच नये काय? प्रश्न बिनतोड आहे. ज्ञानेश्वर आपेगाव-आळंदी-नेवाशाचे, गोदा-प्रवरा-इंद्रायणीच्या काठचे. तरी त्यांच्या ओव्यांत सागर किती वेळा येतो! आणि शतकानुशतके ज्या वारकऱ्यांनी त्या ओव्या म्हटल्या त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता. तरी त्यांना सागर कळला, कारण नदीचा पूर त्यांनी पाहिला होता, पहिल्या पावसाने तुडुंब भरलेली विहीर पाहिली होती, आणि आईच्या कुशीत शिरताना आपण कुठे संपतो ते न कळण्याचा अनुभव तर प्रत्येकालाच असतो. आठवण अगदी त्याच वस्तूची असावी लागत नाही. ती खरी असावी लागते.

ती खरी नसली म्हणजे काय होते, ते मात्र मी दरवर्षी पाहतो. निबंधाला 'समुद्र' हा विषय दिला की सातपाटीची मुले लिहितात, 'अथांग, निळाशार समुद्र'. पालघरच्या किनाऱ्याचे पाणी निळे नाही. खाड्यांचा चिखल आणि भरती-ओहोटीचा मोठा फरक यांमुळे ते बहुतेक काळ गढूळ, राखाडी-तपकिरी असते. पावसाळ्यात तर चहासारखे दिसते. वर्गाच्या खिडकीशी उभे राहिले की वाऱ्याबरोबर त्याचा वास येतो. ज्या मुलाचे वडील याच पाण्यावर रात्र काढून आले आहेत तो मुलगा 'निळाशार' लिहितो, आणि खाली 'सुंदर लाटांचे मनोहर संगीत' असेही लिहितो. मी विचारतो, अरे, तू कुठला समुद्र पाहिलास? तो गोंधळतो. त्याच्या दृष्टीने तो समुद्राविषयी लिहितच नसतो. निबंधाविषयी लिहीत असतो.

बौद्ध नैयायिक दिङ्नाग म्हणतो की, खरे प्रत्यक्ष तेच, ज्यात नावाची आणि कल्पनेची मिसळ नाही. आमचे न्यायशास्त्र एवढे कडक नाही. ते दोन पायऱ्या मानते. पहिली निर्विकल्पक, म्हणजे नुसते काहीतरी दिसणे. दुसरी सविकल्पक, म्हणजे हे अमुक आहे असे ओळखणे. नाव दुसऱ्या पायरीवर येते. त्या मुलाच्या बाबतीत नाव पहिल्या पायरीवरच येऊन बसलेले असते. पाहण्याच्या आधीच शब्दाने जागा अडवलेली असते. आठवण द्यायची ती शब्दाने, आणि येथे शब्दच विसर पाडतो! शब्दाचे खंडन करायला वेदान्तच लागतो असे नाही. पाचवी ते दहावीच्या कोणत्याही वर्गात ते करायला भरपूर वाव आहे. दहावीला रसग्रहणाची जी तीन खणांची पेटी मिळते, आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, ती मूळ कल्पनेत वाईट नाही. पण बाजारातली मार्गदर्शके तिन्ही खण आधीच भरून देतात, आणि कविता न वाचताच रस ग्रहण करता येतो.

येथे मर्ढेकरांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ज्यांना दुर्बोध म्हणून सर्वांत अधिक झोडपले गेले, ज्यांच्यावर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि ते निर्दोष सुटले, ते बा. सी. मर्ढेकर. १९४७ च्या 'काही कविता'त त्यांनी केले ते नेमके हेच, की मराठी कवितेच्या निळ्याशार समुद्राला गढूळ म्हटले. शहराची ओल, यंत्रांचा कंटाळा, माणसांची गर्दी त्यांच्या इंद्रियांना जशी लागली तशी त्यांनी लिहिली. तयार विशेषणे त्यांनी वापरली नाहीत, आणि वापरली तेव्हा त्यांची थट्टा करण्यासाठी वापरली. पिपात मरून पडलेल्या उंदरांची त्यांची कविता घ्या. ती प्रसिद्ध झाल्यापासून विचारले जाते ते हे, की उंदीर म्हणजे कोण? कोणी म्हणाले महायुद्धात मेलेली माणसे, कोणी म्हणाले शहरातला सामान्य माणूस, कोणी म्हणाले आणखी काही. हा सगळा महिमभट्टाचा व्यापार आहे: उंदीर हा धूर, अग्नी कोणता ते ओळखा. आणि अग्नी ओळखल्यावर उंदरांचे काय करायचे? ते तर पिपातून हलत नाहीत. त्यांची ओल, त्यांच्या माना, पिपाचा अंधार हे सारे कोणत्याही स्पष्टीकरणानंतर तसेच शिल्लक राहते, आणि आपल्याला पुन्हा पाहायला लावते. कविता कळली नाही म्हणणाऱ्या कितीतरी वाचकांच्या अंगावर ती वाचताना काटा येतो, हे मी पाहिले आहे. त्यांना कविता भेटलेली असते. सापडत नाही तो तिच्यावरचा निबंध.

मात्र मर्ढेकर टीकाकार म्हणून जे मांडतात ते मला पुरते पटत नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या पुस्तकात त्यांनी साहित्याचे माध्यम भावनात्मक अर्थ हेच आहे असा आग्रह धरला. शब्दाचा नाद आणि इंद्रियांना होणारी शुद्ध संवेदना यांना त्यांनी संगीत-चित्रादी कलांच्या घरी पाठवून दिले. विचार म्हणून मांडणी कणखर आहे. पण तीत ज्ञानेश्वरांची भांडखोर इंद्रिये कुठे बसतात? कानाला जीभ फुटते ती भावनेने नव्हे. कधीकाळी जिभेवर पडलेल्या थेंबाच्या आठवणीने फुटते. कवी मर्ढेकरांना हे उत्तम माहीत होते. टीकाकार मर्ढेकरांनी कवी मर्ढेकरांना विचारायला हवे होते. मराठीत कवी आणि टीकाकार एकाच खोलीत राहूनही बोलत नाहीत, याचे हे सर्वांत थोर उदाहरण म्हणता येईल.

बहिणाबाई चौधरींना असल्या भांडणाची गरजच पडली नाही. त्यांना अक्षर येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्या गात, आणि ऐकणाऱ्यांनी टिपून ठेवलेली ती गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. अभिनवगुप्ताच्या व्याख्येत त्या बसत नाहीत. काव्याचा अभ्यास त्यांनी पुस्तकातून केलेला नव्हता. पण ओवी, जत्रा, कीर्तन त्यांच्या कानांवर जन्मभर पडत होते, आणि विहिरीची मोट, सुगरणीचा खोपा, कापसाचे शेत त्यांच्या डोळ्यांसमोर होते. शब्द आणि वस्तू एकमेकांजवळ राहिल्याने शब्दाला विसर पाडायची संधीच मिळाली नाही. म्हणून तत्त्वज्ञान सांगतानाही त्यांच्या गाण्यात एक दाणा किंवा एक पाखरू असतेच. निरक्षरतेचा गौरव मी करीत नाही. ते काम शिकलेली माणसे हौसेने करतात. माझ्या वर्गातल्या मुलीला बहिणाबाईंचे डोळे आणि वाचता येणारे डोळे असे दोन्ही हवेत, आणि पहिले देऊन दुसरे विकत घ्यावे लागू नयेत, एवढीच माझी अपेक्षा आहे. माझ्यापुरता साहित्यशास्त्रातला सर्वांत निकडीचा प्रश्न हाच आहे.

आता ज्ञानेश्वरांच्या दोन मतांकडे परत येता येईल. शब्द आठवण देतो, हे ज्ञानेश्वरीत आणि अमृतानुभवात सारखेच आहे. जिथे आठवण्यासारखे काही आहे, आणि माणूस ते विसरलेला आहे, तिथे शब्द राजा आहे. तिथे कानाला जीभ फुटेल, नाकाला परिमळ येईल. संसारात असणाऱ्या आपण सर्वांची जागा हीच. आपण सतत विसरतो. रोज पाहिलेले पाणी कोणत्या रंगाचे तेही विसरतो. म्हणून ज्ञानेश्वरीच्या श्रोत्याला शब्दांचे पंचपक्वान्न वाढले आहे. जिथे विसरच नाही तिथे, म्हणजे आत्म्याच्या ठिकाणी, आठवण देणाऱ्याला काम नाही. म्हणून अमृतानुभवात त्याचे पान उचलले आहे. शब्दाच्या शक्तीची व्याख्या दोन्हीकडे एकच आहे. बदलली ती त्याची नेमणूक.

विंदा करंदीकरांनी १९८१ साली अमृतानुभवाचे आजच्या मराठीत अर्वाचीनीकरण केले, तेव्हापासून हा ग्रंथ माझ्यासारख्या शाळामास्तरालाही रात्री दिव्याखाली बसून वाचता येतो. मूळ ओवी डावीकडे धरायची, विंदा उजवीकडे. एकीने अडवले की दुसरीने हात द्यायचा. असे वाचताना एक साधी गोष्ट ध्यानात आली. 'शब्दखंडन' हे ग्रंथाचे सहावे प्रकरण. ग्रंथाची प्रकरणे मात्र दहा आहेत. शब्दाला पुरते निकालात काढल्यावर ज्ञानेश्वरांनी लेखणी खाली ठेवली नाही. लगेच पुढचे 'अज्ञानखंडन' हे तर सर्व प्रकरणांत मोठे. ते दृष्टांतांनी गच्च भरलेले आहे. काम नाही म्हणून ज्याला घरी पाठवले तोच शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर, आणि मालकही त्याला हसतमुखाने आत घेतो. आता तो काही सिद्ध करण्यासाठी आलेला नसतो. आणि दहाव्या प्रकरणाच्या अगदी शेवटच्या ओवीत ज्ञानदेव काय मागतात? वाचकाने सिद्धान्त मान्य करावा असे नव्हे. या अनुभवामृताचा सण साऱ्या विश्वाने भोगावा, असे ते म्हणतात. सण, हाच शब्द त्यांनी वापरला आहे.